रोमुलोला धसका कुठे बसला

८ मे, मंगळवार

वही, माफ कर. शेवटचं पान फेब्रुवारीतलं आहे, कार्निव्हलच्या आधीचं. त्यात मी 'आता रोज लिहायचं' असं ठामपणे लिहिलेलं आहे, ते वाचून लाज वाटली. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं मुळीच नाही. संध्याकाळी मुलांचे पेपर तपासून झाले की तुला पुढे ओढायची, आणि नेमकं तेव्हाच कुठलं तरी काम आठवायचं.

तर क्रमाने लिहिते. मार्चमध्ये मी शहरातल्या मोठ्या इस्पितळात काखेतल्या गाठीसाठी जाऊन आले. सुई घालून पाहिलं, काही निघालं नाही, त्यावर शाई घालवत नाही. त्याच आठवड्यात रोमुलोची गाडी तळ्याजवळच्या वळणावर घसरून खड्ड्यात गेली. आमच्या लग्नाच्या आधीपासून तो पुनाता ते कोचाबांबा वडाप करतो, गाडीला साधा ओरखडा नव्हता. त्या दिवशी पाऊस नुकताच थांबला होता, गाडी भरलेली होती. कोणाला खरचटलंही नाही. एका बाईची चीजची टोपली तेवढी पाण्यात गेली. तेव्हापासून रोमुलो गाडीवर बसलेला नाही.

गाडी दुरुस्त होऊन अंगणात उभी आहे. तो तिच्याकडे पाठ करून उन्हात बसतो. ताटातलं अन्न इकडचं तिकडे करतो. झोप नाही. हात गार. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देतो. वडापवाल्यांच्या संघटनेने निरोप पाठवला आहे की जूनच्या मध्यापर्यंत तो आला नाही, तर या मार्गावरचा त्याचा नंबर दुसऱ्याला देतील.

नंबरचं मला तेवढं वाटत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस थोडा थोडा कमी होत चालला आहे, आणि शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या मला त्या दुखण्याचं नाव सांगता येत नाही.

११ मे, शुक्रवार

रोमुलोला आरोग्यकेंद्रात नेलं. डॉक्टरीण तरुण आहे, घाई करत नाही. रक्त, लघवी, छाती, हृदयाचा आलेख, सगळं चांगलं. वळणावर काय झालं ते मी तिला पहिल्यापासून सांगितलं. ती रोमुलोकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही सांगा ना तुमच्या तोंडाने."

"हिला सगळं नीट माहीत आहे," रोमुलो म्हणाला.

ती म्हणाली, शरीर एकीकडे आणि मन दुसरीकडे असं काढून तपासता येत नाही. झोप, जेवण, घरातलं बोलणंचालणं, कामाची धास्ती, सगळं एकत्रच बघावं लागतं. शहरात मनाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे चिठ्ठी देते. रोमुलो लगेच म्हणाला, "शहरात नको." एवढ्या जोरात तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. शहराचा रस्ता त्या वळणावरूनच जातो, म्हणून असेल.

निघताना तिने मला विचारलं, "आणि बाई, तुम्ही कशा आहात?" मी म्हटलं, मी बरी आहे, आजारी हे आहेत. सोबत आलेल्या माणसाची चौकशी करायची ही नवी पद्धत दिसते.

दुपारी जेवताना त्याने त्याचं अंडं उचलून माझ्या ताटात टाकलं. "खा. उतरली आहेस." स्वतः न जेवणारा माणूस दुसऱ्याच्या ताटावर नजर ठेवून असतो. हे लक्षण डॉक्टरिणीला सांगायचं राहिलं.

१३ मे, रविवार

तोमासाताई आल्या. रोमुलोची थोरली बहीण, बाजारामागे त्यांचं चिचाचं, म्हणजे मक्याच्या दारूचं, दुकान आहे. आवाज दुकानाच्या दारातून चौकापर्यंत जातो. हातात मक्याच्या सुपाचं पातेलं.

"काय रे, अजून खुर्चीतच? मुळं फुटतील तुला."

"बस की, आक्का."

"बसायला नाही आले. इकडे बघ. वर बघ." त्यांनी त्याची हनुवटी उचलली. "बघितलंस, सुल्मा? दिवा लावलाय आणि घरात माणूस नाही. डॉक्टरीण काय म्हणाली?"

"सगळं चांगलं आहे म्हणाली."

"असणारच. जो घरात नाही त्याचं रक्त काढून काय सापडणार? याला धसका बसलाय. याचा जीव तिकडे वळणावर राहिलाय, तळ्याकाठी, थंडीत. आणि तुम्ही इथे त्याला बाटलीत लघवी करायला लावताय."

रोमुलो हसला. खरंच हसला, खांदे हलवून. मला त्याचा आनंद झाला आणि रागही आला, कारण मी इतके दिवस काय काय केलं आणि हसवलं हिने.

ताई येत्या मंगळवारी सेवेरोला बोलावणार आहेत, तो हरवलेले जीव परत बोलावतो. मी नाही म्हटलं नाही. लहानपणी कुत्रा अंगावर आला होता तेव्हा आईने माझाही जीव असाच हाका मारून परत आणला होता. विद्यापीठात मी त्याच गोष्टीवर 'लोकसमजूत' म्हणून चार पानं लिहिली. दोन्ही गोष्टी मी केल्या आहेत आणि दोन्ही वेळा मनापासून. आता कोणती धरायची ते ठरवता येत नाही.

१५ मे, मंगळवार

सेवेरो बाजारातून थेट आला. म्हातारा आहे, खोकतो, जीव बोलावण्याइतकीच सायकलची पंक्चरंही काढतो. तुरटीचा खडा माझ्या हातात देऊन म्हणाला, "बायकोने फिरवायचा. डोक्यापासून पायापर्यंत. दुखतं तिथे दाबून."

"कुठे दुखतं?" मी रोमुलोला विचारलं.

"कुठे नाही."

मी डोक्यावरून, खांद्यांवरून, पाठीवरून खडा फिरवला. त्याच्या बरगड्या हाताला लागल्या. त्याच्या अंगाला मी एवढ्यात असा हात लावलेला नव्हता, हेही लक्षात आलं. मग सेवेरोने खडा निखाऱ्यांवर टाकला. तुरटी रडायला लागली, मग फुगली. ज्याने धसका दिला त्याचा आकार ती घेते.

"गाडी," तोमासाताई म्हणाल्या. "तो बघ टप, ते चाक."

"बटाटा," येसेनिया म्हणाली. आमची मुलगी सोळाची आहे, तिला सगळं बटाट्यासारखं दिसतं.

सेवेरोने चिमट्याने खडा फिरवून पाहिला. "रस्ता आहे. हे वळण."

मला बाई दिसली. बसलेली, एक हात दुसऱ्या काखेत धरून. मी काही बोलले नाही. आधीच पुरेसे आकार झाले होते. रोमुलोला विचारलं तर तो म्हणाला, "धूर डोळ्यात गेला." त्याने बघितलंच नाही.

१८ मे, शुक्रवार

हे सविस्तर लिहायला हवं, कारण माझी चूक झाली आहे.

जीव बोलवायला मंगळवार आणि शुक्रवारच चालतात. संध्याकाळी सेवेरो, तोमासाताई आणि मी दुसऱ्याच्या गाडीने वळणावर उतरलो. रोमुलो घरीच, त्याचं तपकिरी जाकीट आणि टोपी माझ्याकडे. सेवेरोने धरतीमायला चिचा पाजली, दोन गोड वड्या पुरल्या, घंटी वाजवली. मग मला म्हणाला, "बोलव."

आधी आवाज फुटेना. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यातल्या निम्म्या ओळखीच्या. "जरा मोठ्याने," तोमासाताई म्हणाल्या, "नवऱ्याला बोलावतेस की मांजराला?"

मग मी म्हटलं, रोमुलो, चल. इथे गार आहे. घरी चल, मके शिजलेत, येसेनिया वाट बघते. हाम्पुय, रोमुलो, परत ये. भिऊ नकोस, काही झालं नाही, काही होणार नाही. एकदा सुरू झाल्यावर मला थांबताच येईना. तळ्यावरून वारा येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी तोमासाताईंनी दंड धरला. "पुरे गं. दुसऱ्यांचेही जीव उठून येतील."

परत येताना जाकीट छातीशी धरायचं, मागे बघायचं नाही, घरी पोचेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. मी मागे बघितलं नाही. पण गाडीत पोरगं पैसे घ्यायला आलं आणि म्हणालं, "ताई, पुनाता की मध्येच?" आणि मी म्हणाले, "पुनाता."

एकच शब्द. तोमासाताईंनी डोळे मिटून घेतले.

घरी येसेनियाने दारात विचारलं, "आला का?" मी म्हणाले, "आला." रोमुलोने जाकीट घातलं. आता मला कळत नाही की जे मी मानते की नाही हेच ठाऊक नाही, त्यातली चूक मला इतकी का लागावी.

२० मे, रविवार

दोन वाट्या सूप प्याला. अंगण झाडलं. जपून लिहिते आहे, पण लिहिते आहे.

२५ मे, शुक्रवार

पुन्हा तसंच. उलट जास्त. काल अकराच्या सुमारास नववीच्या वर्गात पेशीविभाजन शिकवत होते, आणि खिडकीतून बघते तर रोमुलो शाळेच्या भिंतीपलीकडे उभा. मी बाहेर गेले.

"काय झालं?"

"काही नाही. असाच आलो."

"घरी जा ना, ऊन लागेल."

"तुझा वर्ग चालू दे. मी आहे इथे."

शिपाईण म्हणाली, बाई, हे रोजच येतात की, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. जीव जागेवर नसलेला माणूस असाच भटकतो, लहानपणी ऐकलं होतं, पण माझ्या नवऱ्याला मी असं बघेन असं वाटलं नव्हतं. वर्गात परत येऊन मी झालेलाच भाग पुन्हा शिकवला. मुलं सज्जन आहेत, तास संपेपर्यंत कोणी बोललं नाही.

घरी आल्यावर त्याला म्हटलं, संघटना नंबर काढून घेईल. तो म्हणाला, "गाडीवर गेलो की मधल्या टापूत फोन लागत नाही." मी म्हटलं, इतकी वर्षं लागत नव्हताच. असलं कारण पुढे करणारा माणूस नाही हा.

त्या एका 'पुनाता'मुळे हे झालं असेल का, हा विचार मी दिवसातून कितीदा करते ते लिहीत नाही.

२७ मे, रविवार

आज मातृदिन. येसेनियाने मला गळपट्टा दिला. दुपारी भांडी घासताना म्हणाली, "मम्मी, जून लागतोय."

"मग?"

"इस्पितळात परत जायचंय ना तुला."

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच. मार्चमध्ये फोनवर मावशीला सांगत होतीस, अंगणात. पप्पा गाडीखाली झोपून काहीतरी खोलत होते."

मी म्हटलं, पप्पा असे असताना कुठे जाऊ, ते बरे झाले की बघू. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बटाट्याला गाडी म्हणाले. या वयात मुली आईकडे अशाच बघतात. वजनाचं म्हणावं तर मीही उतरले आहे, पण घरात आजारी माणूस असला की ते होतंच.

२९ मे, मंगळवार

बाजारात सेवेरोला गाठलं. तो एका सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. मी माझी चूक कबूल केली, 'पुनाता' म्हणाले ती.

"त्याने काही होत नाही," तो म्हणाला. "मी एकदा वाटेत भांडलो होतो, तरी आला जीव. इथे जागाच चुकली असेल."

"पण तुम्हीच म्हणालात, तुरटीत वळण आहे."

"सगळे वळण म्हणत होते, मलाही वळण दिसलं. त्याला विचारलं का कोणी?"

"तुम्ही नाही विचारलंत?"

"मला वाटलं तुम्ही विचारलं असेल. तुम्ही बायको."

मला म्हाताऱ्याचा इतका राग आला की टोमॅटो घ्यायचे विसरले. राग यासाठी की मीही विचारलं नव्हतं.

३० मे, बुधवार

विचारलं. तो उन्हात होता, मी दुसरी खुर्ची शेजारी ओढली.

"वळणावर काय झालं, रोमुलो? तू सांग."

"घसरली गाडी."

"घाबरलास?"

"नाही. तेव्हा बरं वाटलं."

"बरं?"

"काहीतरी करायला होतं. ब्रेक, चाक, लोकांना बाहेर काढायचं. त्या आठवड्यात तेवढा वेळच डोकं शांत होतं."

"मग धसका कुठे बसला?"

"बाकावर."

कुठल्या बाकावर, असं विचारणार होते आणि विचारलं नाही. तो इस्पितळातलाच बाक. मी आत असताना तो बाहेर बसला होता. पण तिथे तर काहीच घडलं नाही. तो नुसता बसला होता. बसून माणसाला धसका कसा बसेल? सगळी संध्याकाळ मी त्यावर विचार केला आणि प्रत्येक वेळी तिथपर्यंत येऊन दुसरंच काहीतरी काम करायला उठले.

१ जून, शुक्रवार

तोमासाताईंना सांगितलं. त्या जराही अडखळल्या नाहीत. "मग इस्पितळातून बोलवायचा. जागा ती जागा."

मी म्हटलं, तिथे घंटी वाजवली तर हाकलून देतील. मी म्हटलं, मी शिक्षिका आहे, माझ्या विद्यार्थिनी तिथे नर्स आहेत. मी म्हटलं, आज परीक्षेचे पेपर आहेत. आता लिहिताना दिसतं आहे की मी तीन कारणं दिली, आणि खऱ्या कारणाला एकच पुरतं. वळणावर जायला मला लाज वाटली होती, पण पाय जड झाले नव्हते. तिकडे जायचं म्हटल्यावर होतात. हे शिक्षणामुळे असेल का? तसं असतं तर वळणावरही झाले असते. पुढे लिहीत नाही.

ताई म्हणाल्या, "मग मंगळवारी. आणि तोंड बंद ठेव या वेळी."

५ जून, मंगळवार

आत्ताच आलो. डोक्यात सगळं उलटसुलट आहे, पण आज लिहिलं नाही तर उद्या मला पटेल तसं लिहीन.

रोमुलो घरी थांबायला तयार होईना. "मी येतो." तोमासाताई म्हणाल्या, "अरे, तू आणि तुझा जीव एकाच गाडीने गेलात तर आणायचा कोणाला?" तरी आला. वळण गेलं तेव्हा त्याने बाहेर बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी इस्पितळातला व्हरांडा अर्धा रिकामा असतो. तोमासाताईंनी घंटी शालीत गुंडाळली होती, ती नेमकी रखवालदारापाशी वाजली.

"बाई, हे काय आहे?"

"जीव न्यायला आलोय."

रखवालदाराने घड्याळ बघितलं. "भेटीची वेळ सहापर्यंत. काय न्यायचं ते सहाच्या आत न्या."

बाक भिंतीशी. एक बाई थर्मास घेऊन बसली होती, ती काही न विचारता सरकली. रोमुलो बसला. मी जाकीट हातात घेऊन उभी राहिले आणि हळू म्हणाले, रोमुलो, चल. घरी चल. हाम्पुय. काही झालं नाही.

"हेच," तो म्हणाला.

"काय हेच?"

"तू त्या दाराबाहेर आलीस आणि हेच म्हणालीस. काही नाही, चल, गाडी चुकेल. तेव्हा तुला स्वेटरची गुंडी लावता येत नव्हती, सुल्मा. मी लावली."

मला ती गुंडी आठवत नाही. अजूनही नाही. माझी आठवण चांगली आहे असं मी समजत होते.

"आता बस," तो म्हणाला. "ते काय म्हणाले ते सांग. मधलं गाळू नकोस."

थर्मासवाल्या बाईने तोंड दुसरीकडे केलं. मी बसले. सांगितलं: वाईट दिसत नाही म्हणाले, पण सुईत पुरेसं आलं नाही, म्हणून खात्रीने सांगता येत नाही, जूनच्या सुरुवातीला परत या, पुन्हा बघू, गाठ काढावीही लागेल. हे मी पूर्ण वाक्यांत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. बहिणीलाही नाही. तुलाही नाही, वही.

"अजून काही?"

"नाही. एवढंच."

"खरं?"

"खरं."

त्याने मोठा श्वास सोडला. मला वाटलं होतं, ऐकून तो आणखी खचेल. पण त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मला मात्र अचानक थंडी भरली, दात वाजायला लागले, जूनची संध्याकाळ म्हणूनही असेल. रोमुलोने माझ्या हातातलं जाकीट घेऊन माझ्याच खांद्यावर टाकलं.

"अरे, ते तू घाल," तोमासाताई म्हणाल्या. "सगळं उलटं करताय. आता कोणाचं काय आणलं ते कसं कळणार?"

ते मलाही कळत नाही. वाटेत न बोलण्याचा नियम पार मोडला. रोमुलो एकसारखा विचारत होता, सुई केवढी होती, दुखलं का, डॉक्टर म्हातारा की तरुण, आणि मी उत्तरं देत होते. घरी येसेनियाने दारात विचारलं, "आला का?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी तोमासाताईच म्हणाल्या, "आले, आले. आधी आत घे, गारठलेत."

तो जेवला. मीही जेवले. मग दिवा घेऊन अंगणात गेला आणि गाडीचं पुढचं झाकण उघडून उभा राहिला. विचारलं तर म्हणाला, उद्या तुला इस्पितळात दुसऱ्याच्या गाडीने कशाला पाठवू, मी नेतो. रांग पहाटेच लागते, अंधारात निघू. शाळेत मी रजा कळवली आहे. तो बरा झाला का? एका जेवणावरून सांगता येत नाही. मागच्या वेळी मी घाईने लिहिलं होतं. इस्पितळात उद्या काय सांगतील तेही माहीत नाही. आणि आज त्या बाकावरून जे उठून आलं ते त्याचं होतं, की मार्चपासून तिथे मीच काहीतरी ठेवून आले होते, यावर मी आता विचार करू शकत नाही. हात अजून गार आहेत.

तो अंगणातून ओरडून काहीतरी सांगतो आहे. लिहून ठेवते.

उद्या: निघण्याआधी मागच्या डाव्या चाकात हवा भरणे.